बुट्टीला ‘अतिक्रमण’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पावसाळ्यात भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्या कार्यालयात आल्या. वय साठीच्या पुढचे. बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून त्या रोज पहाटेच्या बसने शहरात येतात, बाजारपेठेतील एका गल्लीच्या तोंडाशी गोणपाट अंथरतात आणि दुपारपर्यंत मेथी, शेपू, कोथिंबीर विकून परत जातात. आदल्या दिवशी पथक आले होते. त्यांच्या दोन बुट्ट्या आणि तराजू उचलून गाडीत टाकला गेला आणि एक कन्नड कागद त्यांच्या हाती ठेवला गेला.

“सायेब, ह्यात माझं काय काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की ओ,” त्या म्हणाल्या.

मी कागद वाचला. त्यात तारीख होती, गल्लीचे नाव होते आणि ‘अतिक्रमणाचे साहित्य हटविले’ अशा अर्थाची एक ओळ होती. बुट्टी नव्हती, तराजू नव्हता, मेथीच्या पेंड्या नव्हत्या. मी त्यांना अर्थ सांगितला. अतिक्रमण म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. दुसऱ्याच्या जागेत घुसणे, असे मी सांगितले.

“मी कुठं घुसलो ओ? मी बुट्टी घिऊन बसतो.”

(दूरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या भागात बायकाही ‘मी बसतो’, ‘मी येतो’ असेच बोलतात.)

तीस वर्षांच्या वकिलीत मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले, पण पथविक्रीच्या प्रश्नावर याहून नेमका युक्तिवाद ऐकलेला नाही. त्या बाईंनी आपल्या व्यवसायाचे वर्णन तीन शब्दांत केले: बुट्टी, घेऊन, बसणे. सरकारी कागदाने त्या तीन शब्दांच्या जागी एक आरोप लिहिला. पुढे त्या तराजू मागण्यास गेल्या, तेव्हा नोंदीत तराजू नसल्याने तो देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तराजू आजतागायत परत मिळालेला नाही. एका शब्दाची किंमत किती असते, असे मला कोणी विचारले तर मी या तराजूकडे बोट दाखवीन.

आपल्या शब्दांतला कायदा

लहान दुकानांसाठी मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा शांतपणे मोजून पाहावे. आमच्या बेळगावात जमिनीवर बसून विकणारे ‘बैठे विक्रेते’. चाकांवर ज्याचा व्यवसाय उभा तो ‘गाडा’. लाकडी वा पत्र्याचे, एका जागी ठेवलेले आणि रात्री कुलूप लावता येणारे ते ‘खोके’. डोक्यावरून आणलेली ती ‘बुट्टी’. आठवड्याच्या बाजारात चार बांबूंवर उभे राहते आणि संध्याकाळी उतरते ते ‘पाल’. दारोदार हिंडतो तो ‘फेरीवाला’. पक्क्या भिंतींचा, भाड्याच्या कराराचा तो ‘गाळा’. पुण्यामुंबईकडे ‘टपरी’ आहे, ‘पथारी’ आहे. विदर्भात ‘पानठेला’ आहे.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर वसलेल्या आपल्या लोकांनी या शब्दांत भर घातली आहे. गोव्यात रस्त्याकडेचा तो ‘गाडो’, मग त्याची चाके केव्हाच निघालेली असोत. आणि वाणसामानाचे दुकान म्हणजे ‘पसरो’, तो चालवणारा ‘पसरकार’. वडोदऱ्यात चाकांवरची ‘लारी’ आणि पानाचा ‘गल्ला’. पुण्याहून गेलेला पाहुणा ‘गल्ल्यावर भेटू’ हे ऐकून गोंधळतो, कारण त्याच्या मराठीत गल्ला म्हणजे पैशांची पेटी. इंदूर आणि ग्वाल्हेरकडे ‘ठेला’ आणि ‘गुमटी’. हैदराबादेत पानाचा ‘डबा’ आणि फळांची ‘बंडी’.

हे शब्द केवळ गावोगावच्या बोलींची गंमत म्हणून वाचू नयेत. प्रत्येक शब्द एक भेद सांगतो. वस्तू चाकांवर आहे की जमिनीवर? रात्री जागेवर राहते की घरी जाते? डोक्यावर छप्पर आहे का? विकणारा उभा आहे, बसलेला आहे की चालता आहे? रोज येतो की आठवड्यातून एकदा? रस्ता अडतो की नाही, किती अडतो आणि किती वेळ अडतो, या प्रश्नाचे उत्तर याच भेदांत आहे. खोके रस्ता दिवसरात्र व्यापते. गाडा संध्याकाळी हलतो. बुट्टी तिच्या मालकिणीबरोबर दुपारच्या बसने गावी परतते. निवाडा करणाऱ्याला जे तपशील हवे असतात, ते लोकभाषेने आधीच वेगळे करून ठेवले आहेत.

‘अतिक्रमण’ हा शब्द यांतला एकही भेद ठेवत नाही. त्याला चाके नाहीत, छप्पर नाही, वेळ नाही. तो वस्तूचे नाव नाहीच. तो निकाल आहे, आणि तोही सुनावणीपूर्वी लिहिलेला.

संसदेने ठेवलेली जागा

आता कायद्याकडे वळू. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे विनियमन यांसाठी संसदेने 2014 साली केलेला अधिनियम कर्नाटकात, गोव्यात, मध्य प्रदेशात, गुजरातेत आणि तेलंगणातही लागू आहे. त्याच्या कलम 2 मधील ‘पथविक्रेता’ या संज्ञेची व्याख्या प्रत्येक मराठी कार्यकर्त्याने वाचावी. रस्ता, गल्ली, पदपथ वा सार्वजनिक जागी, तात्पुरत्या बांधणीतून किंवा ठिकठिकाणी हिंडून जो माल विकतो वा सेवा देतो, तो पथविक्रेता, असे सांगून व्याख्या थांबत नाही. स्थानिक किंवा त्या त्या प्रदेशापुरत्या वापरात असलेल्या सर्व समानार्थी संज्ञा तीत समाविष्ट आहेत, असे ती स्पष्ट म्हणते.

याचा अर्थ लक्षात घ्यावा. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी मान्य केले की या व्यवसायाची सगळी नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि ती ज्या त्या गावाला ठाऊक आहेत. म्हणून त्यांनी दार उघडे ठेवले. बुट्टीवाली त्या दारातून आत येते. गाडेवाला, खोकेवाला, लारीवाला, पसरा मांडून बसणारा, सगळे येतात. ‘बुट्टी घेऊन बसतो’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने पूर्ण आणि पुरेसे वर्णन आहे. ‘अतिक्रमण’ हा शब्द मात्र त्या व्याख्येत कोठेही नाही.

याच अधिनियमाचे कलम 3 सांगते की सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. कलम 18 नुसार स्थलांतर करायचे वा उठवायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केल्यास कलम 19 प्रमाणे त्याची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते; नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. यादी म्हणजे वस्तूंची नावे. ‘अतिक्रमणाचे साहित्य’ ही यादी होऊ शकत नाही. तराजूला तराजू म्हणावेच लागते, कारण त्याला तराजू म्हटल्यावाचून तो परत करता येत नाही.

या कायद्यामागे न्यायालयांचा वारसा आहे. 1985 च्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. 1989 च्या सोदान सिंग प्रकरणात घटनापीठाने रस्त्यावरील व्यापार हा अनुच्छेद 19(1)(छ) खालील व्यवसायाच्या स्वातंत्र्यात बसतो, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सांगितले. निर्बंध घालता येतात हे मला मान्य आहे. निर्बंध व्यवसायावर घालायचे असतात. म्हणून आधी तो व्यवसाय आहे हे कबूल करावे लागते.

भाडे घ्यायचे आणि घुसखोर म्हणायचे

आमच्या बाजारात आणखी एक शब्द रोज ऐकू येतो: भूभाडे. सकाळी माणूस येतो, बसलेल्या प्रत्येकाकडून ठरलेले पैसे घेतो आणि पावती फाडून देतो. वसुली थेट होवो वा ठेकेदारामार्फत होवो, पावती सार्वजनिक जागेच्या वापराची असते. त्या बाईंच्या पिशवीत अशा पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता. सकाळी अकराला ज्या जागेचे भाडे घेतले, त्याच जागेवरून दुपारी त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणून उठवले.

पावतीने मालकी मिळत नाही, हे मी जाणतो आणि माझ्या अशिलांनाही तसेच सांगतो. परंतु जो बसण्याचे पैसे घेतो, त्याला बसणारा घुसखोर आहे असे म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. भाडे घेताना ‘बैठे विक्रेते’ आणि उठवताना ‘अतिक्रमण’: एकाच माणसासाठी एकाच दिवशी दोन शब्द वापरणाऱ्या यंत्रणेला उलटतपासणीत काय उत्तर देता येईल, ते मला ऐकायचे आहे.

याच्या शेजारी दुसरे दृश्य ठेवा. पक्क्या दुकानाची पायरी दरवर्षी वीतभर पुढे सरकते. तिच्यावर फरशी बसते, फरशीवर मालाचे स्टँड येते, त्याच्यापुढे दुचाकी लागतात. पदपथ संपतो. याला बाजारपेठेत ‘पायरी वाढवली’ म्हणतात. क्रियापद बघा: वाढवली, मूल वाढवावे तशी. चार हात जागा कायमची गिळणारी पायरी ‘वाढते’ आणि दोन हात जागेत सहा तास बसणारी बुट्टी ‘अतिक्रमण करते’. शब्दाची निवड जागेच्या मापावरून झालेली नाही, माणसाच्या पतीवरून झालेली आहे.

आपला स्वतःचा दोष

हा लेख येथे थांबवला तर तो सोयीचा होईल. सगळा दोष कन्नड कागदावर टाकून आपण मोकळे होऊ. परंतु ते खरे ठरणार नाही. ‘अतिक्रमण’ हा शब्द कन्नडची मक्तेदारी नाही. महाराष्ट्रातील महानगरपालिकांची ‘अतिक्रमणविरोधी पथके’ अस्सल मराठीत कारवाई करतात. आपली मराठी वृत्तपत्रे ‘अतिक्रमणे हटवली, रस्त्याने घेतला मोकळा श्वास’ असे मथळे देतात. त्या मथळ्यात माणूस नसतो. ‘चाळीस विक्रेत्यांना उठवले’ असे लिहिले असते तर वाचकाने विचारले असते की ते गेले कुठे. आपल्याच भाषेत आपणच तो प्रश्न पुसून टाकतो.

दुसरा दोष प्रतिष्ठेचा आहे. सुशिक्षित मराठी माणसाला ‘खोके’, ‘गाडा’, ‘बुट्टी’ हे शब्द उच्चारायला संकोच वाटतो. त्याचा मुलगा चहा विकू लागला की ते ‘टी स्टॉल’ होते, जरा रंग दिला की ‘कॉर्नर’ होते. महाराष्ट्राच्या राजकारणाने अलीकडे ‘खोके’ या शब्दाला कोटी रुपयांचा अर्थ चिकटवला; आमच्याकडच्या खोक्यात अजून काडेपेटी, विड्या आणि शेंगदाण्याची चिक्कीच असते. जो शब्द आपण लाजून टाकून देतो, तो सर्वेक्षणाच्या अर्जावर लिहायला कोण धजेल?

तिसरा दोष आमच्या चळवळीचा आहे, आणि तो मी त्यात तीस वर्षे असलेला माणूस म्हणून सांगतो. 2024 साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून व्यापारी आस्थापनांच्या फलकांवरील 60 टक्के जागा कन्नडसाठी सक्तीची केली. त्याविरुद्ध आपण बोललो आणि बोलायलाच हवे होते. पण फलक कोणाला असतो? गाळ्याला असतो. बुट्टीला फलक नसतो. तिच्या भाषेचा प्रश्न फलकावर नाही. तो पावतीवर, जप्तीच्या यादीवर आणि सर्वेक्षणाच्या अर्जावर आहे. फलकाच्या भाषेवर आपला जेवढा आवाज उठला, त्याच्या दशांशही या कागदांच्या भाषेवर उठला नाही. बाजारातला सर्वांत दुबळा मराठी भाषक आपल्या भाषिक लढ्याच्या यादीत नव्हता, हे लिहिताना मला खेद होतो.

शेजारी बसलेल्या कन्नड भाषक विक्रेत्याशी आपले भांडण नाही, हेही येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. त्याच्या भाषेत लहान दुकानाला ‘गूडंगडी’ असा सुंदर शब्द आहे. गूडू म्हणजे घरटे, अंगडी म्हणजे दुकान. आपल्या बुट्टीला तोही बुट्टीच म्हणतो. तो शब्द दोन्ही भाषांचा आहे. पथकाची गाडी येते तेव्हा त्याचे घरटे आणि आपली बुट्टी एकाच गाडीत चढते, आणि त्याच्या कागदावरही घरट्याचे नाव लिहिले जात नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पादचाऱ्यांचा. रस्ता चालण्यासाठी असतो. शाळेची मुले, वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरील माणसे यांचे काय? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कायद्यात विक्रीस मनाई असलेली क्षेत्रे ठरवण्याची, विक्रीच्या वेळा बांधण्याची, जागा नेमून देण्याची तरतूद आहे. ते ठरवण्यासाठी नगर विक्री समिती नेमायची असते आणि तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. पादचारी आणि विक्रेता यांच्यातला वाद त्या समितीत मिटवावा. उचलून नेलेल्या बुट्टीने तो मिटत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बुट्टी तिथेच येते, कारण पोट तिथेच आणते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: शब्द बदलल्याने काय होणार? होते. अतिक्रमणाला पर्यायी जागा द्यावी लागत नाही, पथविक्रेत्याच्या स्थलांतराला कायद्याची चौकट लागते. अतिक्रमणाला कर्ज मिळत नाही. 2020 साली सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पहिल्या टप्प्याला 10,000 रुपयांचे कर्ज पथविक्रेत्याला मिळाले, त्यासाठी त्याची विक्रेता म्हणून नोंद वा शिफारस लागली. अतिक्रमण कितीही जुने झाले तरी त्याला मान नाही; पण पिढ्यान्पिढ्या विक्रेते आणि गिऱ्हाईक जेथे जमतात त्याला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो आणि असा बाजार 50 वर्षांहून जुना असेल तर त्याला वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या परिशिष्टात सांगतो. गणपत गल्लीच्या परिसरात आजीच्या जागेवर बसणारी नात ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या तरतुदीचे मोल ओळखावे.

करायचे काय

पहिली गोष्ट, सर्वेक्षणाच्या वेळी प्रत्येक मराठी विक्रेत्याने आपल्या व्यवसायाचे नाव आपल्या शब्दात लिहवून घ्यावे: बुट्टी, गाडा, खोके, लारी, गल्ला, गाडो. त्याच्यापुढे वस्तू, जागा, वेळ आणि किती वर्षे बसतो ते लिहावे. समानार्थी स्थानिक संज्ञा व्याख्येत आहे, हे लिहिणाऱ्याला नम्रपणे सांगावे.

दुसरी, माल उचलला गेला तर जागेवरच यादी मागावी. यादी मिळाली नाही तर त्याच दिवशी स्वतः यादी करून, वस्तूंची नावे आणि संख्या घालून, मराठीत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गाऱ्हाणे मांडणारे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला दिला आहे. तो अर्ज भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही.

तिसरी, पावत्या फेकू नयेत. भूभाड्याची पावती हा साक्षीदार आहे. पावसात भिजू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

चौथी गोष्ट संघटनांसाठी. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची 1956 पासूनची मान्य योजना अशी आहे की जेथे त्यांचे प्रमाण 15 टक्क्यांवर आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. ही मागणी आपण मोघमपणे करत आलो. ती आता नेमकी करावी: जप्तीची यादी मराठीतही, उठवण्याची नोटीस मराठीतही, सर्वेक्षणाचा अर्ज मराठीतही. आणि नगर विक्री समितीच्या महिलांच्या जागांसाठी एखाद्या बुट्टीवालीचे नाव आपण पुढे करावे.

पाचवी गोष्ट संपादकांसाठी. उद्याचा मथळा लिहिताना एवढेच करा: ‘अतिक्रमण’ या शब्दाच्या जागी जे उचलले त्याचे नाव लिहा. सात गाडे, चार खोकी, अकरा बुट्ट्या. बातमी खोटी होणार नाही. उलट अधिक खरी होईल.

त्या बाईंचा अर्ज मी मराठीत लिहिला. दोन बुट्ट्या, एक तराजू, वजनांचा संच, मेथीच्या पेंड्या, शेपू, एक गोणपाट, असे सगळे त्यात आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘बुट्टी घेऊन बसणे’ असे लिहिले. त्यांनी अंगठा उठवण्यापूर्वी मी तो वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. कोथिंबीर राहिली होती. मी ती घातली. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. बाई दुसरा तराजू उसना आणून त्याच गल्लीच्या तोंडाशी बसत आहेत.